बैरूतचा स्फोट: ठिणगी शोधण्याआधी साठा बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. 4 ऑगस्ट 2020 च्या संध्याकाळी लेबनॉनची राजधानी बैरूतच्या बंदरात झालेला स्फोट खरंच अमोनियम नायट्रेटचा होता का? मग क्षेपणास्त्र, छोटा अणुबॉम्ब, कुणाचा तरी लपवलेला शस्त्रसाठा या गोष्टी अजून का बोलल्या जातात? आणि जे द्रव्य जगात कित्येक ठिकाणी खत म्हणून शेतात टाकतात, ते सहा वर्षं गोदामात निमूट पडून एका दिवशी कसं फुटलं?

मी विदर्भातल्या कोळसा खाणींत सुरुंगाचं काम करत आलो. अमोनियम नायट्रेट हे आमचं रोजचं द्रव्य. पोती उतरवून घेणं, डिझेल मिसळणं, खडकात पाडलेले होल भरणं, स्फोटानंतर धूर निवेपर्यंत थांबणं, यात नोकरी गेली. त्यामुळे बैरूतच्या चित्रफिती पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा माझी नजर ढगाच्या आकारावर थांबली नाही. ती गेली रंगावर. मोठ्या धमाक्यानंतर जो लोट वर चढला, तो विटकरी-तांबूस होता. हा रंग आमच्या धंद्यातल्या कुणालाही सांगावा लागत नाही.

खाणीत आम्ही अमोनियम नायट्रेटच्या दाण्यात साधारण सहा टक्के डिझेल मिसळतो. त्याला आन्फो म्हणतात. प्रमाण नीट जमलं तर स्फोटानंतर वाफ, नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड उरतो, धूर पांढुरका-करडा दिसतो. डिझेल कमी पडलं किंवा होलमध्ये पाणी शिरलं, की नायट्रोजन डायऑक्साइड सुटतो आणि बेंचवरून, म्हणजे खाणीतल्या पायरीवरून, तांबूस ढग उठतो. हा वायू फुप्फुसं जाळतो, म्हणून तो दिसला की आम्ही माणसं मागे घेतो. बैरूतच्या गोदामात डिझेल मोजून घालायला कुणी नव्हतं. नुसतं नायट्रेट फुटलं, त्यात ऑक्सिजन जास्तीचा, आणि शेकडो टनांचा तांबूस ढग शहरावर आला. याउलट टीएनटीसारख्या लष्करी स्फोटकात ऑक्सिजन कमी असतो. त्याचा धूर काजळीमुळे काळा पडतो. म्हणून ‘तिथे शस्त्रांचं कोठार होतं’ या म्हणण्याला माझं उत्तर असं आहे: त्या बंदरात आणखी काय काय होतं हे धुराच्या रंगावरून ठरत नाही, पण शहर उद्ध्वस्त करणारी ताकद कशातून आली ते बऱ्यापैकी ठरतं.

आता अणुबॉम्बचं. लोकांना भीती वाटली ती त्या पांढऱ्या घुमटाची. क्षणात फुगला आणि क्षणात विरला. ऑगस्टची समुद्रकाठची दमट हवा होती. स्फोटाची दाबलाट पुढे जाते तेव्हा तिच्या मागे हवेचा दाब झपकन खाली येतो, हवा गार होते आणि तिच्यातली वाफ थेंबांच्या रूपात दिसू लागते. दाब पूर्ववत झाला की थेंब पुन्हा अदृश्य. 1946 साली बिकिनी बेटांजवळ पाण्याखाली अणुचाचणी झाली तेव्हाच्या छायाचित्रांत असाच घुमट दिसतो, म्हणून डोळ्यांनी लगेच जोड लावली. पण तो घुमट बॉम्बचा नसतो, दमट हवेचा असतो. अणुस्फोटात आधी डोळे दिपवणारा पांढरा झोत येतो, दूरवरच्या माणसांची कातडी भाजते, मागे किरणोत्सर्ग राहतो. इथे जवळच्या इमारतींतून मोबाइलवर चित्रण करणारे लोक हादऱ्याने फेकले गेले, पण त्यांच्या चित्रफितींत नारिंगी आगीचा गोळा स्पष्ट दिसतो.

ताकदीचा अंदाजही त्याच लोकांच्या चित्रफितींतून आला, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या अभियंत्यांनी लोकांनी टाकलेल्या चित्रफिती घेतल्या. चित्रण कुठून झालं ते इमारतींवरून ओळखलं, झोत दिसल्यापासून धक्का पोचेपर्यंत किती वेळ गेला ते मोजलं, आणि गणित मांडलं. उत्तर आलं सुमारे 500 टन टीएनटीइतकं, आणि जास्तीत जास्त 1,100 टनांच्या थोडं वर. हिरोशिमाचा बॉम्ब साधारण 15,000 टनांचा होता. बैरूतचा स्फोट अणुबॉम्बशिवाय झालेल्या मोठ्यात मोठ्या स्फोटांपैकी एक आहे हे खरं, पण त्यासाठी अणूची गरज नव्हती. गोदामात कागदोपत्री 2,750 टन माल होता. अमोनियम नायट्रेटचा जोर वजनाला वजन धरला तर टीएनटीच्या निम्म्याहून कमी. हिशेब जुळतो.

जुळतो म्हणालो, पण पूर्ण जुळत नाही. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिलेल्या अहवालात फुटलेलं नायट्रेट सुमारे 552 टन धरलं. मग उरलेलं कुठे गेलं? सहा वर्षांत चोरीला गेलं, विकलं गेलं, की स्फोटात न फुटताच उधळून समुद्रात पडलं? सगळ्या तर्कवितर्कांत हा एक प्रश्न मला रास्त वाटतो आणि तो विचारणाऱ्यांना मी कधीही वेड्यात काढणार नाही. माझ्या अनुभवातून एवढं सांगतो की होलमध्ये न कोंडता मोकळा रचलेला साठा सगळाच्या सगळा एका दमात फुटत नाही. कडेचा माल उडून जातो, काही नुसता वितळतो आणि जळतो. खाणीत मिसफायर झालेल्या, म्हणजे नीट न फुटलेल्या, होलमधून आम्ही तसाच शिल्लक माल परत काढलेला आहे. पण न फुटलेला भाग किती आणि पळवलेला किती, हे चित्रफितींवरून कळत नाही. त्यासाठी गोदामाच्या नोंदी, कुलपाच्या किल्ल्या आणि साक्षी लागतात.

आता मुख्य अडचण. शुद्ध अमोनियम नायट्रेट सहजी फुटत नाही. आन्फोसुद्धा नुसत्या डेटोनेटरने, म्हणजे स्फोट सुरू करणाऱ्या छोट्या नळीने, भरवशाने फुटत नाही, त्याला बूस्टरचा, म्हणजे मधल्या जास्त जोराच्या स्फोटकाचा, धक्का द्यावा लागतो. म्हणूनच ‘बाहेरून काहीतरी मारल्याशिवाय हे होणारच नाही’ असं लोकांना वाटतं, आणि आमच्यातल्याही काहींना पहिल्या दिवशी तसंच वाटलं. पण खाणीतला होल थंड असतो, दाणा ताजा आणि स्वच्छ असतो. आगीत सापडलेलं नायट्रेट हे वेगळंच द्रव्य आहे. साधारण 170 अंश सेल्सियसला ते वितळतं, 200 अंशांच्या वर विघटन वेग घेतं, वितळलेल्या रसात वायूचे बुडबुडे भरतात आणि अशा फेसाळ, तापलेल्या नायट्रेटला फुटायला थोडा धक्का पुरतो. त्यात पोत्यांचं प्लास्टिक, लाकूड, तेल मिसळलं की इंधनही मिळालं. ढीग मोठा असला की आतली उष्णता बाहेर पडायला वाट नसते. लहान ढिगात जो स्फोट जागीच विझेल, तो शेकडो टनांच्या ढिगात शेवटपर्यंत पोचतो.

बैरूतच्या 12 नंबरच्या गोदामात याच साठ्यासोबत फटाकेही ठेवले होते. मोठ्या धमाक्याच्या आधीच्या चित्रफितींत आगीत लखलखणारे छोटे छोटे ठिपके दिसतात, तडतड ऐकू येते. सहा वाजून सात मिनिटांच्या सुमारास पहिला लहान स्फोट झाला, आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास दुसरा, ज्याने शहर हादरलं. 2015 साली चीनमधल्या तिआनजिन बंदरातही असंच झालं: आधी नायट्रोसेल्युलोज हे झटकन पेटणारं रसायन पेटलं, एक स्फोट झाला, आणि सुमारे तीस सेकंदांनी अमोनियम नायट्रेटचा साठा गेला. आग, छोटा स्फोट, मोठा स्फोट, या क्रमाला क्षेपणास्त्राची गरज नाही.

क्षेपणास्त्राच्या गोष्टीला बळ मिळालं ते वरच्या खुर्च्यांवरून. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याच दिवशी, हा कुठल्यातरी बॉम्बचा हल्ला असावा असं आपल्या सेनाधिकाऱ्यांना वाटतं, असं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्यांचे संरक्षणमंत्री एस्पर म्हणाले की बहुतेकांच्या मते तो अपघात आहे. लेबनॉनचे अध्यक्ष मिशेल औन यांनीही तीन दिवसांनी क्षेपणास्त्र किंवा बॉम्बने बाहेरचा हस्तक्षेप झाल्याची शक्यता बोलून दाखवली. दरम्यान खऱ्या चित्रफितींवर क्षेपणास्त्राचं चित्र चिकटवून, रंग उलटे करून त्या लाखो लोकांपर्यंत पोचल्या होत्या. इतक्या बाजूंनी झालेल्या मूळ चित्रणात मात्र असं काही येताना दिसत नाही.

पण बैरूतच्या कित्येक रहिवाशांनी सांगितलं की धमाक्याच्या आधी विमानांचा आवाज आला. त्यांना खोटं ठरवणाऱ्यांचा मला राग येतो. त्या शहरावर इस्रायली विमानं वर्षानुवर्षं घिरट्या घालत आली आहेत, तिथल्या लेकरालाही तो आवाज ओळखू येतो. त्यांनी आवाज ऐकला हे खरंच असणार. पण गोदामातल्या भडकलेल्या आगीचा घरघराट असतो, पहिल्या स्फोटाचा गडगडाट असतो, आणि जमिनीतून जाणारा हादरा हवेतल्या आवाजाच्या कितीतरी पट वेगाने धावतो. तीन किलोमीटरवरच्या घरात जमिनीतली थरथर एका सेकंदाच्या आसपास पोचते, हवेतला धक्का आठ-नऊ सेकंदांनी. मधल्या वेळात खिडक्या खडखडतात, खोल घुमणारा आवाज येतो. माणूस त्याला आपल्या ओळखीचं नाव देतो. ऐकलेलं खरं आणि त्याचा लावलेला अर्थ चुकीचा, हे एकाच साक्षीत असू शकतं. तपास करणाऱ्याने दोन्ही वेगळं लिहून घ्यायला हवं.

फ्रान्समधल्या तुलूझ शहरात 21 सप्टेंबर 2001 ला खत कारखान्यात तीनेकशे टन नायट्रेट फुटलं, 31 माणसं गेली. अमेरिकेतल्या 11 सप्टेंबरच्या हल्ल्याला तेव्हा दहाच दिवस झाले होते. लोकांनी दोन आवाज ऐकले होते, त्यावरून दोन स्फोट, म्हणजे घातपात, असा तर्क वर्षानुवर्षं चालला. जमिनीतून एक आणि हवेतून एक, असं एकाच स्फोटाचं स्पष्टीकरण तज्ज्ञांनी दिलं तरी तो थांबेना. मृतांमधल्या एका ट्युनिशियन मूळच्या कामगारावर, त्याने अंगावर एकाहून अधिक अंतर्वस्त्रं घातली होती एवढ्यावरून, संशय घेतला गेला. तो माणूस स्वतः स्फोटात मेला होता, आणि त्याच्या घरच्यांना दुःखासोबत हा डागही सोसावा लागला. शेवटी 2017 मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने कारण मान्य केलं ते कारखान्याच्या अंगणातलंच: जलतरण तलावांसाठी वापरलं जाणारं क्लोरीनचं रसायन चुकून नायट्रेटच्या साठ्यात मिसळलं गेलं. 2019 मध्ये वरच्या न्यायालयाने ते कायम ठेवलं. अठरा वर्षं. 1917 साली कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याचं जहाज फुटलं तेव्हाही तेच: जर्मन हेर म्हणून संशय उठला आणि धडकलेल्या दुसऱ्या जहाजाच्या नॉर्वेजियन सुकाणूवाल्याला पकडण्यात आलं. म्हणून ‘बोलायला काय जातं’ असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. अशा बोलण्याने निरपराध माणसाचं नाव जातं.

आपल्या मुंबईचा अनुभव याहून बोलका आहे. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन या जहाजावर आग लागली. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. जपानी आले, असं शहरभर झालं. युद्धाचे दिवस, सरकारने बातमी दाबून धरली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी तपशीलवार वृत्त दिलं, आणि इथल्या वार्ताहरांना वृत्त पाठवायची परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. जवळपास महिनाभर लोकांनी अफवांवर भागवायचं आणि मग पुन्हा लोक अफवा पसरवतात म्हणून त्यांनाच दोष द्यायचा, हे मला कधीच मान्य होणार नाही. चौकशीत जपान्यांचा हात निघाला नाही. बहुधा कुणाच्या तरी विडी-सिगारेटने कापूस पेटला असावा, इथवर ती पोचली. पण खरा मुद्दा ठिणगीचा नव्हताच. सुमारे 1,400 टन स्फोटकं असलेल्या जहाजात कराचीला हजारो गाठी कापूस भरला, आणि तो स्फोटकांच्याच शेजारच्या जागेत. ते जहाज दोन दिवस भर वस्तीच्या धक्क्याला लागून होतं. विडी कुणी ओढली हे कळलं असतं तरी त्या व्यवस्थेची जबाबदारी त्याच्यावर टाकता आली नसती. 66 अग्निशामक जवान त्यात गेले. देशात 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी.

बैरूतकडे याच नजरेने बघा. मोल्दोव्हाचा झेंडा लावलेलं ऱ्होसस नावाचं जहाज जॉर्जियातल्या बातुमीहून मोझांबिकला निघालं होतं. माल मागवला होता तिथल्या खाणींसाठी स्फोटकं बनवणाऱ्या कंपनीने, म्हणजे तो शेतात जाणार नव्हता, आमच्यासारख्यांच्याच हातात जाणार होता. नोव्हेंबर 2013 मध्ये जहाज बैरूतला थांबलं, समुद्रात जायच्या लायकीचं नाही म्हणून अडकवलं गेलं, 2014 मध्ये माल गोदामात उतरला. रिकामं जहाज 2018 मध्ये बंदरातच बुडालं. या काळात कस्टमच्या अधिकाऱ्यांनी न्यायालयाला पत्रांमागून पत्रं लिहिली: माल निर्यात करू द्या, सैन्याला द्या, नाहीतर स्फोटकांच्या कंपनीला विका. स्फोटाच्या दोनच आठवडे आधी, 20 जुलैला, सुरक्षा यंत्रणेचं इशारा देणारं पत्र अध्यक्ष आणि पंतप्रधानांपर्यंत पोचलं होतं. गोदामाच्या दारावर त्या सुमाराला वेल्डिंग झालं आणि त्यानेच आग लागली, असं तेव्हा सुरक्षा यंत्रणेतूनच सांगितलं गेलं. ते सिद्ध झालेलं नाही. समजा झालं, तर शिक्षा वेल्डरला द्यायची का?

ठिणगी शोधण्याची ही ओढ किती दिशा चुकवते ते टेक्ससमधल्या वेस्ट गावात दिसलं. तिथे 2013 मध्ये खताच्या गोदामाला आग लागली, थोड्याच वेळात नायट्रेट फुटलं आणि 15 जण गेले, त्यातले 12 मदतीला धावलेले. तीन वर्षांनी एका सरकारी यंत्रणेने आग मुद्दाम लावल्याचं जाहीर केलं, त्यावर वाद झाला. पण रासायनिक अपघातांची चौकशी करणाऱ्या मंडळाने आग कशी लागली हे ठरवता न येताही काम पुरं केलं: नायट्रेट लाकडी कप्प्यांत ठेवलं होतं, पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती, आणि वस्ती, शाळा खेटून होत्या. आग लावली असो वा लागली असो, यातलं काहीच बदलत नाही.

बैरूतमध्ये क्षेपणास्त्राची गोष्ट नेमकी कुणाच्या सोयीची आहे, ते आता लक्षात येईल. शत्रूने मारलं म्हटलं की पत्रं वाचून स्वस्थ बसलेले सगळे सुटतात. दोनशेहून अधिक माणसं मेली, सहा हजारांहून अधिक जखमी झाली, तीनेक लाख लोकांची घरं राहण्याजोगी उरली नाहीत. पहिल्या आगीवर गेलेल्या अग्निशमन दलाच्या पथकातले दहाही जण गेले. आत काय आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बंद दार उघडण्याची खटपट करताना त्यांचं छायाचित्र आहे. मला ते फार वेळ बघवत नाही. स्फोटाची चौकशी करणाऱ्या पहिल्या न्यायाधीशांना 2021 मध्ये बाजूला केलं, दुसऱ्या, तारेक बितार यांची चौकशी राजकीय मंडळींनी खटले भरून वर्षानुवर्षं रोखली. मृतांचे नातेवाईक दर महिन्याच्या 4 तारखेला फोटो घेऊन उभे राहत आले आहेत. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं ते हेच, की कोणाला माहीत होतं.

आपल्याकडे 2011 मध्ये 45 टक्क्यांहून अधिक अमोनियम नायट्रेट असलेल्या मालाला स्फोटक मानण्याची अधिसूचना निघाली, 2012 मध्ये त्याचे नियम आले, परवाने नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या अखत्यारीत आले. साठा किती, कुठे, आला किती, गेला किती, सगळं नोंदवावं लागतं. तरी बैरूतनंतर दोन दिवसांत कळलं की चेन्नईजवळ मनालीला 2015 मध्ये जप्त केलेलं सुमारे 700 टन अमोनियम नायट्रेट तसंच पडून आहे. लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी विचारणा केली आणि तो माल हैदराबादकडे हलवला गेला. लोकांनी बोलावं ते असं: आमच्या वस्तीजवळ काय साठवलं आहे, किती काळ, कुणाच्या परवान्यावर. याला कुठलीही यंत्रणा अफवा म्हणू शकत नाही.

एक गोष्ट मात्र कारण कळण्याची वाट न बघता करायची. हॅलिफॅक्समध्ये शेकडो लोकांचे डोळे गेले, कारण जळणारं जहाज बघायला ते काचेच्या खिडक्यांशी उभे होते. शंभर वर्षांनी बैरूतमध्येही लोक पहिला धूर बघायला खिडकीत आणि गच्चीवर आले, आणि काचांनीच अगणित माणसं चिरली गेली. गोदामातून, जहाजातून किंवा कारखान्यातून मोठा धूर निघताना दिसला, त्यात तडतड ऐकू आली, धूर तांबूस होऊ लागला, तर मोबाइल खिशात टाका, काचेपासून दूर व्हा, घरातल्यांना आतल्या भिंतीच्या आड न्या. लहान धमाका झाला तर बघायला परत येऊ नका. बैरूतमध्ये दोन धमाक्यांत अर्ध्या मिनिटाचं अंतर होतं. आतल्या खोलीत जायला तेवढा वेळ पुरतो.